दोन बोटं माया

"पट्टाच तर बदलायचाय!" मास्तर म्हणाले, आणि एका चांगल्याभल्या रविवारचा बोजवारा उडाला.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर, त्यामागं अंगण, आणि गळ्यात टेप. आंघोळीला काढतात तेवढीच. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. त्यांच्या बायकोला सिस्टर म्हणते, कारण ती हॉस्पिटलात नर्स आहे. आणि त्यांच्या पोरीला बिब्बा म्हणते, कारण ती जिथं जाईल तिथं बिब्बा घालते. पोरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे म्हणे. पण हजेरी होते तेव्हा ती बहुतेक वेळा तिथं नसते, त्यामुळे खात्रीनं काही सांगता येत नाही.

तर या तिघांची एक गाडी आहे. जुनी. आधीच्या मालकांना विचारलं तर प्रत्येक जण म्हणेल, "अजून चालतेय?" शनिवारी मास्तर ती गॅरेजवर घेऊन गेले, सहज, हवा नि तेल बघायला. गॅरेजवाल्यानं बाजूचं एक झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"मास्तर, टायमिंगचा पट्टा गेलाय. ह्या भेगा बघा. उद्या तुटेल, परवा तुटेल, आत्ता माझ्या हातात तुटेल. आणि तुटला की इंजिनाचा चुरा."

"मग बदला की."

"बदलतो. शुक्रवारी आणा. माझ्याकडे सात गाड्या उघड्या पडल्यात."

"अहो, सोमवारी सिस्टरची ड्रायव्हिंगची टेस्ट आहे!"

"मग सिस्टरना म्हणावं शुक्रवारी द्या."

शुक्रवार चालणार नव्हता. हॉस्पिटलात एक नवीन काम निघालं होतं. घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, दिवसाची ड्यूटी, संध्याकाळी घरी. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. सोमवारपर्यंत लायसन्स दाखवलं तर जागा सिस्टरची, नाहीतर दुसरी कुणीतरी टपून बसलेलीच होती. आणि सिस्टर आधीच दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा मास्तर कौतुकानं मागच्या सीटवर बसले होते. गाडी रिव्हर्स घेताना ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "माया सोड! माया सोड!" आता माया म्हणजे शिवणीच्या आत जादा सोडलेलं कापड. उद्या गिऱ्हाईक सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून दोन बोटं ठेवतात ते. पण टेस्ट घेणाऱ्या साहेबाला हे कुठलं कळायला? तो दचकला, सिस्टर दचकली, आणि गाडी खांबाला जाऊन भेटली. दुसऱ्यांदा मास्तरांना घरी ठेवलं. त्या वेळी गाडी चढावर बंद पडली आणि मागच्या लोकांनी हॉर्न वाजवून वाजवून तिला रडवलं.

आणि बिब्बाचं काय? आई रात्री जायची, सकाळी यायची. बिब्बा सकाळी जायची, दुपारी यायची, तेव्हा आई झोपलेली. दोघींची भेट दारात, एकीचे शूज निघताना आणि दुसरीचे चढताना. रात्रीची भाजी मास्तर करायचे, आणि त्यांच्या भाजीलाही माया असायची. आज, उद्या आणि परवापर्यंत पुरायची. बिब्बा कुणाला बोलून दाखवत नाही, पण आईनं रात्री घरी असावं असं तिला फार वाटायचं. (विचारलंत तर म्हणेल, भाजीमुळे.)

"पट्टाच तर बदलायचाय," मास्तर गाडी ढकलत घरी आणताना म्हणाले. "मी आयुष्यभर काय केलं? पट्टेच लावले ना? कमरेला लावले, पर्सला लावले, एका बँडवाल्याच्या ढोलाला लावला. इंजिनाला लावेन."

"इंजिन गिऱ्हाईकासारखं मापाला उभं राहत नाही, बाबा," मागून ढकलणारी बिब्बा म्हणाली.

"म्हणूनच सोपं आहे. बोलत नाही."

स्पेअरपार्टच्या दुकानातून नवा पट्टा आणला, ज्यांवरून तो पट्टा फिरतो ती इंजिनाची चाकं जागच्या जागी अडकवून ठेवायच्या लोखंडी पट्ट्या भाड्यानं आणल्या, आणि रात्री बाप-लेकीनं एक व्हिडिओ बघितला. त्यातला दाढीवाला कुठली भाषा बोलत होता देव जाणे, पण हातानं सगळं दाखवत होता. मास्तरांनी तो एकदा बघितला, तोही इस्त्री करता करता. बिब्बानं तीनदा बघितला. पहिल्यांदा दाढीत अडकलेल्या ग्रीससाठी, दुसऱ्यांदा हसायला, आणि तिसऱ्यांदा, तिला स्वतःलाही कळलं नाही पण, कामासाठी.

इंजिनात झडपा असतात, त्या उघडमीट करतात, आणि कुणी कधी उघडायचं ते हा पट्टा सांभाळतो, एवढं मास्तरांनाही कळलं. पण वरच्या दोन चाकांतलं एक चाक जाडजूड होतं, पोटात काहीतरी असल्यासारखं. त्याचं कडं वेगळं फिरायचं, आतला दांडा वेगळा. गाडी सावकाश चालली की झडपा एका वेळेला उघडायच्या, पळायला लागली की हे जाड चाक ती वेळ थोडी पुढंमागं करायचं.

"म्हणजे माझ्यासारखं," बिब्बा म्हणाली. "शाळेत जाताना हळू, सुटताना लवकर. पाय तेच, टायमिंग वेगळं."

दाढीवाल्यानं त्या जाड चाकाचं कडं मागं, मागं, अगदी टोकापर्यंत फिरवलं. आतून 'टक्' असा आवाज आला. त्यानं कानावर बोट ठेवलं आणि अंगठा दाखवला. मग 'टक्' व्हायच्या आधीच थांबून दाखवलं आणि बोट गळ्यावरून आडवं फिरवलं. नेमके त्या वेळी मास्तर इस्त्रीखालची बाही जळतेय का ते बघत होते. (जळत होती.)

रविवारी सकाळी आई नाइट ड्यूटीहून आली ती डोळे चोळतच.

"गाडीचं काय झालं हो?"

"गॅरेजवाला येतोय घरी. तू झोप. चार वाजता उठ, मस्त प्रॅक्टिस कर."

"घरी येतोय? रविवारचा? चांगला माणूस आहे हो."

"फार चांगला," मास्तर म्हणाले आणि लगेच लांब पाना पाठीमागं लपवला.

घोटाळा असा, की गाडी अंगणात उभी होती आणि अंगणात उघडणारी एकमेव खिडकी आईच्या उशाशी. म्हणजे सगळं इंजिन उसवायचं, पण आवाज न करता.

मास्तरांनी जमिनीवर पांढरं अस्तर पसरलं. त्यावर खडूनं झाकण, चाक, पंप असे आकार काढले आणि जो बोल्ट निघेल तो त्या त्या आकारात ठेवायचा असं ठरवलं. बारीक स्क्रू टाचण्यांच्या उशीत खोचले. इंजिनाखाली फळी, फळीखाली जॅक. बघितलं असतं तर वाटलं असतं, इंजिन ब्लाउजचं माप द्यायला आलंय.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की बिब्बाला राहवेना. मास्तर पहिल्या मोठ्या बोल्टवर पूर्ण अंगाचा भार टाकून उभे असताना ती चाकामागं लपली आणि जिभेनं काढला आवाज, "टक्!"

मास्तरांना वाटलं बोल्ट तुटला. पाना सुटला, तो थेट त्यांच्या अंगठ्यावर. मास्तरांनी तोंड उघडलं, खिडकीकडे बघितलं, आणि गळ्यातली टेप तोंडात कोंबून जागच्या जागी मूक नाच केला. बिब्बाला हसू आवरेना म्हणून तिनं अस्तर तोंडात कोंबलं. बाप-लेक दोघं बराच वेळ तोंडात कापड घालून एकमेकांकडे बघत होते.

"कार्टे," टेप काढून मास्तर कुजबुजले, "आता परत टक् केलंस तर तुझंच काज करीन."

"काय मास्तर!" वरच्या गॅलरीतून बँकेतून रिटायर झालेले काका गरजले. "गाडी उसवली का?"

"श्श्श! काका, हळू! सिस्टर झोपल्यात!"

"बरं बरं! हळू बोलतो!" काका एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

दुपारपर्यंत जुना पट्टा निघाला. खरंच चुरा झाला होता त्याचा, हातात घेतला तर दोन दात गळून पडले. मास्तरांनी ते तळहातावर घेतले. बिब्बानंही वाकून बघितले. या पट्ट्यावर आई सोमवारी चढावर जाणार होती.

मग नवीन पट्टा. खालचं चाक अडकवलं, वरचे दांडे अडकवले, आणि आलं जाड चाक. मास्तरांनी दोन्ही हातांनी कडं धरलं, मागं फिरवलं, आणखी फिरवलं, आणि टोकाच्या जरा अलीकडे थांबले.

"बाबा, अजून."

"बस झालं."

"दाढीवाला शेवटपर्यंत नेतो."

"दाढीवाल्यानं किती ब्लाउज शिवले? कुठलीही गोष्ट टोकापर्यंत खेचायची नाही. दोन बोटं माया ठेवायची. उद्या इंजिन जड झालं, फुगलं, तर सैल करायला जागा नको?"

"इंजिन फुगत नाही, बाबा!"

"सगळं फुगतं. चाळीस वर्षं बघतोय."

"पण टक् नाही ना आलं!"

मास्तरांनी आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि मग पोरीकडे. "टक् हा शब्द," ते म्हणाले, "तू आज माझ्यासमोर काढायचा नाहीस."

बिब्बानं आयुष्यात फार थोड्या वेळा खरं बोलायचं मनावर घेतलं होतं, आणि घेतलं त्या दिवशी ही गत. तिनं व्हिडिओ दाखवायला मोबाइल काढला. पण मास्तरांना वाटलं हा नवीन चावटपणा, तो मोबाइल त्यांनी खिशात टाकला आणि खिसा वरून टाचून घेतला. (टेलरच्या घरात हा एक त्रास असतो.)

पट्टा चढला. लांब पान्यानं इंजिन हातानं दोन वेळा पूर्ण फिरवलं, दाढीवाल्यानं फिरवलं होतं तसंच. फिरून आल्यावर सगळ्या खुणा जिथल्या तिथं यायला हव्यात. आल्या. फक्त जाड चाकाची खूण एक दात पुढं.

बिब्बानं त्या खुणेकडे बोट दाखवलं. तोंडानं एक शब्द काढला नाही.

"दिसतंय मला," मास्तर म्हणाले. "नवीन कापड आहे. पहिल्या धुण्यात बसतं."

आणि त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. सुरू झालं म्हणजे, दहा शिलाई मशीनं एकदम चालू करावीत आणि त्यातल्या तीन मशीनांच्या सुया तुटाव्यात, असं काहीतरी झालं. गाडी जागच्या जागी थडथडायला लागली. टाचण्यांची उशी उडून खाली पडली. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला आणि तिथंच मुक्काम केला.

आतून झोपेतला आवाज आला, "अहो! कसला आवाज तो?"

"काही नाही!" मास्तरांनी झडप घालून किल्ली काढली. "गॅरेजवाला खोकतोय!"

"छातीत साठलंय त्याच्या! गरम पाणी द्या त्याला, आणि उद्या एक्स-रे काढायला सांगा!"

"देतो!"

"गॅरेजवाला कुठाय?" गॅलरीतून काका ओरडले. "मी सकाळपासून बघतोय, इथं कुणी आलेलं नाही!"

मास्तरांनी दोन्ही हात जोडले. काकांनी उलट नमस्कार केला आणि आत गेले.

मग मास्तर पायरीवर बसले. गळ्यातली टेप काढून त्यांनी ती बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहरा मात्र गिऱ्हाईकाचं महागाचं कापड उलट्या बाजूनं कापल्यावर होतो तसा.

"सगळं बरोबर केलं गं," ते म्हणाले. "आता तिला काय सांगू? दोन वर्षं शिकतेय. रात्रभर उभी असते, दिवसा डोळ्यांत झोप घेऊन गिअर बदलायला शिकते. मी म्हटलं आपल्या हातानं करावं काहीतरी तिच्यासाठी, तर हे."

बिब्बा त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, शपथ घेते. ते जाड चाक टोकाला गेलं नव्हतं. त्याच्या आत कुलूप असतं. ते बसल्याशिवाय पट्टा घालायचा नसतो."

"पुरे कर," मास्तर हळूच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. "आज चेष्टा नको."

हे मात्र तिला लागलं. आणि लागलं तेव्हाच तिच्या डोक्यात उजेड पडला. खऱ्याला या घरात तिच्याकडून उठाव नव्हता. पण दुसऱ्या मालाचं तिचं दुकान मोठं होतं!

ती उठली, कोपऱ्यातल्या आपल्या सायकलपाशी गेली आणि कॅरिअरचा एक बोल्ट काढला. इंजिनाखाली सांडलेल्या तेलात तो छान घोळला, थोडी माती लावली, आणि पांढऱ्या अस्तरावर, खडूनं काढलेल्या झाकणाच्या आकारात, अगदी मधोमध ठेवला. मग पायरीवर परत येऊन बसली नि नखं बघायला लागली.

"बाबा."

"काय?"

"काही नाही. एक बोल्ट उरलाय वाटतं."

मास्तर विजेचा धक्का बसल्यासारखे उठले. टेलरला काय घाबरवतं ते टेलरच्याच पोरीला माहीत. कात्री हरवली तर ते घाबरत नाहीत, वीज गेली तर घाबरत नाहीत. पण शर्ट देऊन झाला आणि टेबलावर एक बटण उरलं, की त्यांना रात्री झोप लागत नाही. कारण बटण उरलं म्हणजे गावात कुठंतरी एक माणूस उघडा फिरतोय.

"हा कुठला?"

"मला काय माहीत? तुमच्या खडूवर आहे."

"झाकणाचा आहे? झाकणाचे तर सगळे लागले. मग आतला आहे. अरे देवा, आतला आहे!" मास्तरांचा आवाज चिरकला. "म्हणूनच थडथडतंय! आतला बोल्ट राहिलाय आणि मी..."

"उघडून बघायचं का?" बिब्बानं गरीब चेहऱ्यानं विचारलं. हा चेहरा ती आठवड्यातून एकदाच वापरते.

सकाळपासून दुपारपर्यंत जे काम चाललं होतं ते मास्तरांनी या वेळी अर्ध्याच वेळात उसवलं. भीतीनं माणसाचा हात चालतो. झाकण निघालं, पट्टा सैल झाला, खालचं चाक जागेवर आणलं, वरचे दांडे अडकवले. मास्तर टॉर्च तोंडात धरून एकेक भोक तपासायला लागले, बोल्ट कुठून पडला ते.

"तुम्ही शोधा. मी हे धरते," बिब्बा म्हणाली आणि तिनं जाड चाकाचं कडं धरलं.

इंजिन फिरल्यामुळे ते बरंच मागं सरकलं होतं, पण अजून नखाएवढी जागा बाकी होती. हलवलं की बारीकसं डुगडुगायचं, पडायला आलेल्या दातासारखं. तिनं जोर लावला. हातांना तेल, पकड सुटे. मग तिनं अस्तराची एक पट्टी फाडली, कड्याला गुंडाळली, बंपरला पाय लावला आणि अंगात होतं तेवढं सगळं लावून ओढलं.

टक्.

बारीकसाच आवाज. पण या वेळी जिभेचा नव्हता. लोखंडाच्या पोटातला होता, टिचबटण नीट बसावं तसा.

मास्तरांच्या तोंडातला टॉर्च पडला. ते वळले. पोरीचं तोंड बघितलं, ते घट्ट मिटलेलं होतं. मग त्यांनी कड्याला हात लावला. हलेना. जरासुद्धा हलेना. त्यांनी खुणेकडे बघितलं. मघाचा तो एक दात बरोबर जागेवर आला होता.

चाळीस वर्षं टिचबटणं लावलेला माणूस. त्याला आणखी काय सांगायचं?

"मघाशी हे झालं नव्हतं," ते सावकाश म्हणाले.

"नव्हतं."

"तू सांगत होतीस."

"दोनदा."

मास्तरांनी खिशाच्या टाचण्या काढल्या, मोबाइल बाहेर काढून पोरीच्या हातात दिला आणि म्हणाले, "लाव तुझ्या त्या दाढीवाल्याला. आणि मी कुठं माया ठेवायला लागलो तर मला लाथ घाल." त्यानंतर एक बिब्बा सोडून बाकी सगळं त्या दाढीवाल्याच्या हुकमानं चाललं. पट्टा चढला. हातानं दोन फेऱ्या. सगळ्या खुणा समोरासमोर. पुन्हा दोन फेऱ्या, मास्तरांच्या मनाच्या समाधानासाठी. झाकण लागलं, बोल्ट लागले.

आणि अस्तरावर एक बोल्ट उरला.

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी परत पाना उचलला.

"राहू दे, बाबा," बिब्बा घाईघाईनं म्हणाली. "माया असेल."

मास्तरांनी मान वळवली. आधी पोरीकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या सायकलकडे. तिचं कॅरिअर एका बाजूला लोंबत होतं. मग त्यांच्या खांद्यांपासून सुरू झालं, पोटापर्यंत गेलं, आणि त्यांना टेप परत तोंडात कोंबावी लागली, पण या वेळी हसू दाबायला.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि गप्प झालं. म्हणजे बंद पडलं नाही, चालूच होतं, पण इतकं शांत की ऐकायला वाकावं लागत होतं. पिवळा दिवा आधी लागला, जरा विचार केला, आणि विझला.

"बंद पडली का हो?" गॅलरीतून काका.

"चालू आहे, काका!" बिब्बा ओरडली. आता ओरडायला हरकत नव्हती, कारण मागच्या दारात आई उभी होती. केस विसकटलेले, एका डोळ्यात अजून झोप.

तिनं नवऱ्याकडे बघितलं, नखशिखांत काळा. पोरीकडे बघितलं, तीही काळी, पण तिथं काही नवीन नव्हतं. मग फाटलेलं अस्तर, टाचण्यांच्या उशीतले स्क्रू, खडूची चित्रं.

"गॅरेजवाला कुठाय?"

बिब्बा खडूचं एक चित्र पायानं पुसायला लागली.

"अहो, गॅरेजवाला कुठाय, ज्याला मी गरम पाणी द्यायला सांगितलं?"

"मीच प्यायलो," मास्तर म्हणाले.

आईनं डोळे मिटले, उघडले. दोघांना वाटलं आता बॉम्ब फुटणार. पण ती पायऱ्या उतरून गाडीपाशी आली, बॉनेटवर हात ठेवला आणि वाकून कान लावला, एखाद्या पेशंटच्या छातीला लावावा तसा. ऐकत राहिली.

"श्वास चांगला आहे," ती म्हणाली. "ऑपरेशन कुणी केलं?"

"हिनं," मास्तर म्हणाले. "मी टाके घातले."

"चला मग. बसा दोघं. चढावर जाऊ." आणि मास्तर मागचं दार उघडतायत हे बघून, "तोंड उघडलंत तर उतरवीन."

चढावर गाडी एकदासुद्धा बंद पडली नाही.

सोमवारी टेस्टला मास्तरांना कुणी नेलं नाही. ते दुकानात बसून एकाच काजाभोवती दोरा फिरवत राहिले, इतका की ते काज बुजलंच. बिब्बा शाळेला गेली नाही. पोट दुखत होतं. (खरंच दुखत होतं. पण आजवरचा अनुभव बघता कुणी विचारलंसुद्धा नाही.) दोघं रस्त्याकडे डोळे लावून होते.

गाडी आली. दुकानासमोर दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, रिव्हर्समध्ये, एका दमात घुसली आणि थांबली. आई उतरली. नुसती चावी हवेत उडवली आणि झेलली. नर्सा असं कधी करत नाहीत.

मास्तरांनी टेप घेऊन गाडीची दोन्हीकडची जागा मोजली आणि रस्त्याच्या मधोमध नाचायला सुरुवात केली. वरून काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खाली काय झालं ते नंतर विचारलं.

आठवड्याभरात नवी ड्यूटी सुरू झाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी आई घरी. रात्रीही घरीच! ताटात तिच्या हातची ताजी भाजी. मास्तर सारखं तिच्याकडे बघत होते, बिब्बा दोघांकडे बघत होती, आणि मनातल्या मनात म्हणत होती की हे जे काही चाललंय ते सगळं एका टक्-मुळे आहे, आणि तो टक् आपला आहे. एवढं मोठं काम केल्यावर निदान महिनाभर आपल्याला कुणी काही बोलणार नाही, असाही तिचा हिशेब होता.

"कसा गेला गं पहिला दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"छान! सगळ्यात आधी ज्यांच्याकडे गेले ना, त्यांचा पाय मोडलाय. जिन्यावरून पडल्या बिचाऱ्या. दोन महिने रोज जायचंय मला तिथं. बोलायला कुणी नाही घरात, त्यामुळे मला सोडेनातच. इतक्या प्रेमळ बाई! एकेक मुलाबद्दल किती मनापासून सांगतात."

"मुलं फार आहेत का त्यांना?"

"नाही हो. गणित शिकवतात," आईनं बिब्बाच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली. "हिच्याच शाळेत. आणि हिचं नाव काढल्याबरोबर, पाय मोडलेला असूनसुद्धा, उठून उभ्याच राहिल्या."